सोलापुरात बसून वाइनवर लिहायचं, तर आधी काय आणि मग काय

वाइनवर रील टाकणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. बाटली आणायची, ग्लास निम्म्याहून जास्त भरायचा, खिडकीतल्या उन्हाकडे धरून फोटो काढायचा आणि मग प्यायची. लिहायची वेळ आली की बाटलीच्या मागच्या लेबलवरचा मजकूर मराठीत उतरवून काढायचा. वाचणाऱ्याला यातून काय कळतं? बाटली दिसायला कशी आहे, एवढंच. ती सोलापूरच्या मे महिन्यात कशी लागेल, शेंगाचटणीसोबत चालेल का, त्या किमतीला घ्यावी का, हे कळत नाही. आणि लोकांना विचारायचं असतं नेमकं तेच.

या लिखाणाला आज वजन का आलंय, तेही समजून घ्या. दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमावली, १९९४ मध्ये ती मनाई आहे. त्यामुळे वायनरीवाल्यांपुढे ठळक असे दोनच रस्ते उरतात. एक, लोकांना बागेत बोलवायचं. दोन, ज्यांच्या फोनवर चार लोक विश्वास ठेवतात त्यांच्या तोंडून आपलं नाव येऊ द्यायचं. जाहिरातीची रिकामी जागा तुम्ही भरताय, हे सुरुवातीलाच ध्यानात असू द्या. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावलेत. क्रम मोडू नका. निम्म्या चुका क्रमाच्याच असतात.

## टप्पा १ : आधी कागद

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला वैयक्तिक परवाना लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अजून लागू आहे. परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, बाकी मद्यासाठी २५. दुकानात कुणी परवाना मागत नाही म्हणून तो लागत नाही, असं होत नाही. तुम्ही तर स्वतःच्या नावाने बाटली जगाला दाखवणार आहात. काढून ठेवा.

खातं वैयक्तिक न ठेवता व्यावसायिक करा. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याला किमान वय लावता येतं, यूट्यूबवर एकेका व्हिडिओला वयाची मर्यादा घालता येते. पहिली पोस्ट टाकायच्या आधी हे करा, नंतर राहून जातं.

तपासा : परवाना हातात आहे? खात्यावर वयाची अट लागली? घरातल्यांना माहीत आहे? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण सोलापुरात फोनवरची गोष्ट दुपारपर्यंत मामाच्या घरी पोचलेली असते.

## टप्पा २ : वाचक कोण, ते लिहून काढा

वाइनचं प्रत्येक लेबल प्रत्येक राज्यात वेगळं नोंदवावं लागतं आणि उत्पादन शुल्कही राज्यागणिक बदलतं. म्हणून एकाच बाटलीची किंमत पुण्यात एक आणि विजापुरात दुसरी असते. कधी तर पलीकडे ती मिळतच नाही. देशभराच्या वाचकांसाठी लिहायला गेलात तर निम्म्या लोकांना निरुपयोगी माहिती द्याल.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, फार तर लातूर-धाराशिवपर्यंतचा वाचक धरा. तो पहिल्यांदा वाइन घेतोय, बजेट ठरलेलं आहे, घरात वाइनचे ग्लास नाहीत आणि फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारीच जागा आहे. त्याला पडणारे दहा प्रश्न वहीत लिहा. तुमच्या पहिल्या दहा पोस्ट त्याच.

भाषा मराठी ठेवा. इथे घराघरात कन्नड, तेलुगू, दख्खनी बोलली जाते, तेव्हा व्हिडिओत एखादं वाक्य त्या भाषेत आलं तर माणसं थांबतात. पण एकाच वाक्यात तिन्ही भाषांची खिचडी करू नका.

## टप्पा ३ : बाटली घेताना

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये सगळ्यात कमी खपणारी वस्तू म्हणजे वाइन. त्यामुळे बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, उभ्या, महिनोन्‌महिने पडून असतात. हा दोष कंपनीचा नसतो, पण तुमच्या टिपणात तो कंपनीच्या नावावर चढतो. म्हणून घेतानाच बघा.

आधी साल. लेबलवरचं साल हे द्राक्ष काढणीचं. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणून पांढरी वाइन त्याच वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत बाजारात येऊ शकते. साधी पांढरी किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, असेल तर ताज्यात ताजं साल घ्या. तीन वर्षं जुनी स्वस्त पांढरी ‘मुरलेली’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर ठेवून द्या. मागच्या बाजूला बॅच आणि बाटलीत भरल्याची तारीख असते, तिचा फोटो काढा.

मग पातळी. बाटली उजेडात धरा. वाइन मानेपर्यंत आलेली हवी. शेजारच्या बाटलीपेक्षा बोटभर खाली असेल तर घेऊ नका.

मग बूच. वरचं आवरण अंगठ्याने दाबून बघा. उष्णतेने आतली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. आवरणाखाली टेंगूळ लागलं किंवा कडेला चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली तापलेली आहे. फिरकीच्या झाकणात हे दिसत नाही, तिथे झाकणाच्या कडेला चिकटपणा आहे का तेवढं बघा.

बिल घ्या. पोस्टमध्ये लिहायची किंमत बिलावरची, आठवणीतली नाही.

इशारा : एप्रिल-मेमध्ये दुपारी बाटली घेऊन गाडीच्या डिकीत टाकू नका. बाहेर ४२ अंश असताना डिकीत किती होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. सकाळी दुकान उघडल्यावर जा, ओल्या पंचात गुंडाळून आणा.

## टप्पा ४ : ठेवणं आणि थंड करणं

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांचा. तिथली खोली १६-१८ अंशांची असते. आपल्या स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात रात्री दहालासुद्धा ३४ असतात. त्या तापमानाला रेड वाइन ओतली की नाकात आधी अल्कोहोलचा भपका बसतो, फळाचा वास मागे पडतो, चव सैल लागते. मग लोक लिहितात, ‘भारतीय रेड जड असते.’

हे आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवा: फसफसणारी ६ ते ८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते १२, हलकी रेड १४-१५, भारी रेड १६ ते १८. घरच्या साध्या फ्रीजमध्ये ३५ अंशांची रेड साधारण दोन तासांत १७ च्या आसपास येते. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, वर मूठभर मीठ. पांढरी अर्ध्या तासात पिण्याजोगी होते. नुसता बर्फ घालू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा बाटलीला लागत नाही. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बूच उडेल किंवा काच तडकेल.

स्वयंपाकघरातला पंधरा-वीस सेंटिमीटरचा काटेवाला थर्मामीटर घ्या आणि ओतल्यावर ग्लासातलं तापमान नोंदवा. बाकी काही नसलं तरी हा एक आकडा तुमच्या टिपणाला दहा रीलच्या पुढे नेतो.

बाटली साठवायची असेल तर पलंगाखालचा पेटारा किंवा माडीखालची अंधारी खोली बरी, माळा नको. माळा हा घरातला सगळ्यात गरम कोपरा. उन्हाळ्यात महिन्याभराहून जास्त ठेवायची असेल तर सरळ फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवा. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत.

## टप्पा ५ : चाखणं

हा टप्पा कॅमेरा बंद ठेवून करायचा. चाखताना रील करायला गेलात की तुम्ही चेहऱ्याकडे लक्ष देता, नाकाकडे नाही.

वेळ. सकाळी साडेदहा-अकरा, नाश्ता होऊन दोन तास झाल्यावर. संध्याकाळी घरात उदबत्ती असते, फोडणी असते, शेजारच्या घरातला मिरचीचा ठसका असतो. त्यात वाइनचा वास सापडणार नाही. त्या दिवशी अत्तर नाही, तंबाखू-पान नाही, चहा झाल्यावर किमान तासभर मध्ये जाऊ द्या.

ग्लास. वर निमुळता होणारा कुठलाही पातळ काचेचा ग्लास चालेल. चाखण्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्लासची क्षमता २१५ मिलिलिटरच्या आसपास असते आणि त्यात फक्त ५० मिलि ओततात. बाकीची जागा वासासाठी. काठोकाठ भरलेल्या ग्लासात वास साठायला जागाच राहत नाही. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, म्हणून शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा. पुसायला आपला प्रसिद्ध टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे काचेला चिकटतात. जुना, मऊ झालेला सुती पंचा घ्या, आणि तो सुगंधी साबणात धुतलेला नको. कपाटातून काढलेला ग्लास आधी रिकामाच हुंगून बघा. डांबरगोळीचा वास आला तर पुन्हा धुवा.

झाकून. शक्य असेल तेव्हा द्राक्षाच्या एकाच जातीच्या दोन-तीन बाटल्या घ्या, घरातल्या कुणाला तरी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून १, २, ३ असे आकडे घालायला सांगा. कंपनीने पाठवलेली बाटली असेल तर हे केल्याशिवाय लिहूच नका. स्वतःच्या पैशाने घेतलेली एक बाटली तिच्या शेजारी ठेवा. भेट आलेल्या बाटलीला आपल्याही नकळत दोन गुण जास्त पडतात.

क्रम. बघा, हुंगा, फिरवा, पुन्हा हुंगा, घोट घ्या, थुंका, लिहा.

बघताना मागे पांढरा कागद धरा. कोवळी पांढरी फिकट, हिरवट झाक असलेली दिसते; मातकट सोनेरी झाली असेल तर वय झालंय किंवा हवा लागलीय. रेडची कड विटकरी दिसली तर तेच.

पहिलं हुंगणं न फिरवता. इथे दोष पकडायचे असतात. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास म्हणजे बुचाचा दोष, आणि तो हवेत ठेवून जात नाही. कापून काळं पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे वाइनला हवा लागलेली. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश म्हणजे आंबायला लागलेली. उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, ग्लास जोरात फिरवून दहा मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा जातो. फळाऐवजी शिजवलेल्या जॅमचा वास आणि चवीत काहीच ताजेपणा नाही, असं असेल तर बाटली कुठेतरी उन्हात शिजलीय.

दुसऱ्या हुंगण्याला फळं शोधा, आणि ती आपल्या बाजारातली शोधा. ब्लॅककरंट, गूसबेरी आपण खाल्लेलं नाही, मग लिहायचं कशाला? पांढऱ्या जातींपैकी सोव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू, कापलेलं गवत, हिरवी मिरची सापडते. शेनिन ब्लाँमध्ये पिकलेला पेरू, अननस, कधी मध. रेडच्या जातींपैकी शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. काबर्नेमध्ये ढोबळी मिरची. सांजोवेजेमध्ये आंबट करवंद, थोडी चिंच. तीनच शब्द लिहा. सात फळं लिहिणाऱ्यावर विश्वास बसत नाही.

घोट तोंडात फिरवा आणि चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी लिहा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं का? तो आंबटपणा. हिरड्या कच्च्या सुपारीने आवळल्यासारख्या झाल्या का? ते टॅनिन. गिळल्यावर घशात ऊब आली का? ते अल्कोहोल. जिभेच्या शेंड्यावर गोडी राहिली का? ती उरलेली साखर. पांढऱ्या वाइनला फळाचा गोड वास असला म्हणजे ती गोड असतेच असं नाही. नाक बोटांनी दाबून घोट घ्या, खरी साखर तेव्हा कळते. शेवटी थुंकल्यावर चव किती वेळ राहिली ते मनात मोजा. पाच सेकंदांत गेली तर साधी, पंधराच्या पुढे टिकली तर दखल घेण्यासारखी.

थुंकायला स्टीलचा तांब्या ठेवा. लाज वाटते म्हणून सगळं गिळलंत, तर तिसऱ्या बाटलीचं टिपण दारूच लिहिते. एका बैठकीला चारांहून जास्त बाटल्या नकोत.

तपासा : टिपण वहीत पूर्ण झाल्याशिवाय बाटलीवरचं वर्तमानपत्र काढू नका, मागचं लेबल वाचू नका, ॲपवरचे तारे बघू नका. बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चाखा. आपल्या वाचकाची बाटली एका रात्रीत संपत नाही. दुसऱ्या दिवशीची ओळ त्याच्या खऱ्या उपयोगाची.

बाटली सदोष निघाली तर त्यावर लिहू नका. दुसऱ्या दुकानातून, जमल्यास वेगळ्या बॅचची, आणखी एक घ्या. दोन्ही तशाच निघाल्या तर मग लिहा, बॅच नंबरासकट.

## टप्पा ६ : आपल्या ताटासोबत

चीजच्या थाळीचे फोटो इथे कुणाच्या कामाचे? कडक भाकरी, शेंगाचटणी, काळ्या मसाल्याचं मटण, धपाटे, हुरडा, यांच्यासोबत काय होतं ते सांगा. ते मुंबईचा कुणी सांगणार नाही.

एक गोष्ट आधी शिकून घ्या. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात. १४ टक्क्यांची भारी रेड आणि झणझणीत रस्सा एकत्र आले की तोंडात फक्त जाळ उरतो, आणि दोष वाइनला दिला जातो. तिखटासोबत कमी अल्कोहोलची, किंचित गोडी ठेवलेली, चांगली गार शेनिन घ्या. शेंगाचटणीत लसूण आणि लाल तिखट असलं तरी शेंगदाण्याचं तेल असतं, आणि तेलाला आंबटपणा कापतो. चटणी-भाकरी आणि कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, फसफसणारी ही जोडी एकदा करून बघाच. कमी तिखट, कोरडं सुकं मटण असेल तर १६ अंशांची शिराझ चालते. हुरड्याला दही, गूळ, चटणी सगळंच सोबत असतं, तिथे रोझे सोपी पडते.

घोट, घास, घोट असा क्रम ठेवा आणि दुसऱ्या घोटात काय बदललं तेच लिहा. जुळलं नाही तर जुळलं नाही असं लिहा. ‘परफेक्ट पेअरिंग’ हे शब्द टाळा.

इशारा : हुरडा पार्टी शेतावर असते आणि परतायचं असतं गाडीने. मोटार वाहन कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा आहे. गाडी कोण चालवणार ते बाटली उघडायच्या आधी ठरवा. चालवणाऱ्याच्या हातात ग्लास असलेला फोटो तर मुळीच नको.

## टप्पा ७ : बागेत जाताना

सोलापूरकराला नाशिक गाठायची गरज नाही. अकलूजजवळ मोटेवाडी भागात फ्रातेली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन कुटुंबांनी हा उद्योग उभारला, आणि टस्कनीचे पिएरो मासी तिथले वाइनमेकर म्हणून ओळखले जातात. टस्कनीची सांजोवेजे ही जात माळशिरस तालुक्यातल्या मातीत कशी वागते, हा विषय आपल्या दारात आहे. आधी बुकिंग करा आणि शक्यतो जानेवारी ते मार्चमध्ये जा.

इथली नेहमीची चूक म्हणजे नान्नज किंवा बार्शीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत उभं राहून ‘वाइनयार्ड’ म्हणून फोटो टाकणं. त्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या: थॉमसन, सोनाका, माणिक चमन. लांब, बिनबियांचे, पातळ सालीचे मणी, आकार वाढावा म्हणून जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात, बुडवलेले घड. वाइनचं द्राक्ष बारीक, गोल, जाड सालीचं आणि बियांचं असतं. तुमच्या वाचकांत शेकडो बागायतदार आहेत, ते एका नजरेत ओळखतात.

बागेत गेल्यावर हे विचारा: एप्रिलची खरड छाटणी कधी झाली, फळछाटणी कोणत्या आठवड्यात झाली, काढणी रात्री की दिवसा, काढताना ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, किती होतं, वाइन टाकीत ठेवली की लाकडी पिंपात, किती महिने. ब्रिक्सचा आकडा मिळाला की ०.५५ ने गुणा. कोरड्या वाइनचं अल्कोहोल साधारण तेवढं यायला हवं. २२ ब्रिक्सला बारा टक्के. लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा आणि फरक दिसला तर विचारा. असं विचारणाऱ्याशी तिथली माणसं वेगळ्याच तऱ्हेने बोलायला लागतात.

## टप्पा ८ : लिहिणं

पहिल्या दोन ओळींत हे सगळं यायला हवं: नाव, साल, जात, बिलावरची किंमत, कुठल्या शहरात घेतली, पैसे कुणी दिले, ग्लासातलं तापमान. मग वास-चव तीन वाक्यांत. मग जेवण. मग दुसरा दिवस. शेवटी, कुणी घ्यावी आणि कुणी घेऊ नये.

नेहमी दिसतं ते असं: ‘या अप्रतिम रेडमध्ये व्हॅनिला आणि बेरीजचे सुंदर नोट्स आहेत. वीकेंडसाठी बेस्ट!’

त्याच बाटलीचं काम करणारं टिपण असं: ‘१७ अंशांना चाखली. जांभूळ आणि मिरीचा वास स्पष्ट, लाकडाचा जरा जास्तच. हिरड्या आवळतात, त्यामुळे नुसती प्यायला कठीण. सुक्या मटणासोबत सैल झाली. शेंगाचटणीसोबत तोंड पोळलं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागली. पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याने ही घेऊ नये.’

गुण देणार असाल तर कशाचे किती, हे एकदा लिहून खात्यावर चिकटवून ठेवा. शंभरपैकी गुण देऊन कधीच ८५ च्या खाली न उतरणारे लोक आहेत. त्यापेक्षा ‘पुन्हा घेईन, नाही घेणार’ एवढं बरं.

इशारा : ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. ‘द्राक्षाचा रसच तर आहे’ हेही नको.

## टप्पा ९ : फोटो आणि रील

थोडक्यात. सकाळी नऊच्या आत खिडकीशेजारी, मागे एकरंगी भिंत. लेबलवरचं साल वाचता आलं पाहिजे. ग्लास एक तृतीयांशच. चौकटीत लहान मूल, त्याचा हातसुद्धा, नको. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, देवळं किंवा रस्ता यांच्या पार्श्वभूमीवर बाटली नको. सार्वजनिक जागी पिणं बेकायदा आहे आणि भावना दुखावल्याचं प्रकरण वेगळंच. रीलच्या पहिल्या तीन सेकंदांत बूच उडवण्याऐवजी निकाल सांगा.

## टप्पा १० : फुकट बाटली, पैसे आणि जाहीर करणं

हजार-दोन हजार लोक जमले की निरोप यायला लागतात. ‘सर, बाटल्या पाठवतो, आवडलं तर टाका.’ इथे घसरणारे सगळ्यात जास्त.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू केलेत. पैसेच नव्हे, फुकट वस्तू, सवलत, सहल, नोकरीचं किंवा घरचं नातं, काहीही असलं तरी ते पोस्टच्या वरच, पटकन दिसेल असं लिहायचं. तीस हॅशटॅगच्या तळाशी लपवलेलं चालत नाही. ग्राहक व्यवहार खात्यानेही २० जानेवारी २०२३ ला इन्फ्लुएन्सरांसाठी अशाच सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण दारूच्या बाबतीत ‘जाहिरात’ असा शिक्का मारून सुटका होत नाही, आणि इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. दारूबंदी अधिनियमाचं कलम २४ दारू प्यायला आवाहन करणाऱ्या किंवा दारू देऊ करणाऱ्या जाहिरातीला मनाई करतं. त्यातला दारूची वाखाणणी करण्यावर बंदी घालणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली एफ. एन. बलसारा खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. माझा व्यवहारातला अर्थ असा: स्वतःच्या पैशाने घेऊन ‘मला आवडली, या कारणासाठी’ हे मत झालं. पैसे घेऊन ‘आजच घ्या, या नंबरवर मागवा, हा कोड वापरा’ ही सरळ जाहिरात झाली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आडमार्गाच्या जाहिरातीही बंद केल्यात, म्हणजे सोड्याच्या नावाखाली तीच बाटली, तेही नाही. पैशाचा करार समोर आला तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा, फी परवडते.

म्हणून सुरुवातीचा नियम सोपा ठेवा. रोख रक्कम घेऊन एकाही बाटलीवर लिहायचं नाही. नमुना घ्यायचा असेल तर आधी लेखी कळवा: चाखू, लिहूच असं नाही, लिहिलं तर प्रकाशनापूर्वी दाखवणार नाही. निम्मे इथेच गळतात. उरलेल्यांशी बोला. कमाई करायची असेल तर चाखण्याचे वर्ग, हॉटेलवाल्यांना मेनू लावून देणं, बागेच्या सहलीची आखणी, याला जागा आहे.

फुकट मिळालेल्याचा हिशेबही ठेवा. जुलै २०२२ पासून एका वर्षात वीस हजारांच्या वरच्या व्यावसायिक भेटवस्तूंवर देणाऱ्याला दहा टक्के करकपात करावी लागते, आणि ठेवून घेतलेली बाटली त्यात मोजली जाते. एक वही करा: तारीख, काय आलं, कुणाकडून, छापील किंमत, लिहिलं का.

इशारा : बाटलीचं ‘गिव्हअवे’ कधीही करू नका. ‘दादा, मला एक पाठवा ना’ म्हणणाऱ्यालाही नाही. विक्रीचा परवाना नसताना दारू पोचवणं अंगाशी येतं, समोरचा एकोणीस वर्षांचा निघाला तर आणखीच.

## टप्पा ११ : टाकल्यानंतर

लाइक मोजू नका. किती जणांनी पोस्ट जपून ठेवली, किती जणांनी पुढे पाठवली आणि ‘ही सोलापुरात कुठे मिळेल’ असं किती जणांनी विचारलं, हे बघा. शहरांची यादी उघडा. तुमचे वाचक दिल्ली-बंगळुरूचेच दिसत असतील तर टप्पा २ वर परत जा. वायनरीचा जाणता माणूसही हेच आकडे मागतो, कारण अकलूजला गाडी काढून येणारा माणूस सोलापूर-पुण्याचा असतो.

‘कुठे मिळेल’ या प्रश्नाला दुकानाचा फोन नंबर देऊ नका. ‘शहरातल्या मोठ्या दुकानांत विचारा, साल बघून घ्या’ एवढं पुरे. कुणी लिहिलं की दारू सुटत नाही, मदत हवी, तर त्याला वाइनची माहिती देत बसू नका. डॉक्टरकडे किंवा जवळच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाकडे जायला सांगा, खासगी निरोपात, सगळ्यांसमोर नाही.

कंपनीने टीका काढायला सांगितली तर वही उघडा. तारीख, बॅच, तापमान, दुसऱ्या बाटलीची नोंद असेल तर पोस्ट तशीच राहू द्या आणि त्यांचं म्हणणं खाली जोडा. नोंदी नसतील तर मात्र तुमच्याकडे बोलायला काही नाही, पोस्ट काढावीच लागेल.

दर वर्षी मार्च-एप्रिलनंतर नवं साल बाजारात यायला लागतं. तेव्हा जुन्या पोस्टवर ‘हे अमुक सालाचं टिपण आहे’ अशी ओळ टाका, किंमत बदलली असेल तर नवी लिहा, आणि ज्या बाटलीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली तिचं नवं साल आधी चाखायला घ्या.